वरून आलेली बाई

शकुबाईने चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलली आणि तव्यावरची भाकरी तशीच जळत ठेवून ती पुढच्या खोलीत शिरली.

बोनकोड्यातली ही खोली तिने एका कंपनीला दिली होती. गच्चीवर बैलगाडीच्या चाकाएवढी थाळी, खाली यंत्रं, पेटीसारखा पडदा आणि पडद्यावर कॅमेरा. इंजिनीयर दिलीप सकाळपासून चाचणी घेत होता. इथला आवाज, इथलं चित्र उपग्रहाकडे पाठवायचं, तिथून परत याच खोलीत उतरवायचं आणि किती वेगाने जातं-येतं ते मोजायचं. सकाळी पडद्यावर नुसते रंगीत पट्टे होते. दिलीपने टाळी वाजवली. क्षणभराने पेटीतून दुसरी आली.

"ही कुठनं आली?"

"वरून, मावशी. छत्तीस हजार किलोमीटर वरून."

"आपलंच आपल्याला परत द्यायला येवढी खटपट? अक्कल भाड्यानं मिळत असती तर तुला घेऊन दिली असती."

आता मात्र शकुबाईचा जबडा आवळलेला होता. मघाशी दिलीपने पुन्हा विचारलं होतं, "वहिनी, सोमवारपासून बेलापूरच्या ऑफिसात याल का? कॉम्प्युटर येणारं माणूस हवंय." सुचित्रा "हो" म्हणाली. सुनेचा तो होकार स्वयंपाकघरात दोनदा ऐकू आला.

सुचित्रा कॅमेऱ्यासमोर बसली होती. बोटं कीबोर्डवर.

"चूल पेटलीय घरात, आनि तू हितं हो-हो करतेस?"

"आई, मी ह्यांना विचारलंय."

"ह्यांना! त्याला जन्म मी दिलाय. मला इचारलंस?"

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा अडवायला सुचित्राने हात वर केला, तो मनगटावर. बांगड्या फुटल्या, काच आत घुसली आणि कीबोर्डच्या पांढऱ्या अक्षरांवर रक्त ठिबकलं. दिलीप खुर्ची सरकवून उठला.

"मावशी, अहो..."

"तू बस! खोली दिलीय तुला, सून नाय दिली."

शकुबाईने सुचित्राचा अंबाडा मुठीत धरला, मान मागे खेचली आणि तिसऱ्यांदा फुंकणी उगारली. तेवढ्यात पेटीतून तिचाच शब्द आला, "सून नाय दिली." तिने वर पाहिलं.

पडद्यावर एक म्हातारी होती. चित्र धक्के खात हलत होतं, पण जबडा तोच, फुगलेल्या नाकपुड्या त्याच, कमरेला खोचलेला पदर तोच. तिच्या मुठीत एका पोरीचे केस होते.

यशोदाबाई. शकुबाईची सासू. अकरा वर्षांपूर्वी गावच्या स्मशानात जळालेली. वरून, म्हणाला होता तो.

यशोदाबाईने मान वळवली आणि सरळ शकुबाईच्या डोळ्यांत पाहिलं.

शकुबाईच्या मुठीतले केस सुटले. डावं कोपर आपोआप डोक्यावर चढलं, सासू होती तोवर वीस वर्षं चढायचं तसं.

"नको, आत्याबाई."

पडद्यावरच्या बाईनेही कोपर वर घेतलं. ते वाकडं होतं. याच फुंकणीने यशोदाबाईने शकुबाईचं मोडलेलं, आणि कधी सरळ न जुळलेलं.

"नको, आत्याबाई," पेटी म्हणाली.

फुंकणी लादीवर पडली. मग पेटीत पुन्हा एकदा पडली. आतून भाकरी करपल्याचा वास येत होता. दिलीप यंत्राच्या आकड्यांकडे बघत राहिला, पण लिहीत काही नव्हता.

सुचित्राने वाकून फुंकणी उचलली. सासूच्या हातात दिली नाही. टेबलावर, आपल्या बाजूला ठेवली. पदर मनगटाला गुंडाळला.

"सोमवारी आठला निघेन मी."

शकुबाईचं कोपर अजून खाली आलं नव्हतं.

"सोमवारी आठला निघेन मी," वरून आलं.