भीमाबाईंचा सर्व्हर

यशपालला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अरे, जी भाषा स्वतःच अजून पाळण्यात आहे, तिच्या भरवशावर सर्व्हर कसला चालवतोस?" पण ऐकेल तर तो यशपाल कसला!

सात रस्ता चौकात झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. मालक अण्णाराव सर, आणि प्रोग्राम लिहिणारे यशपाल आणि मी. आम्ही डायलिसिसच्या पेशंटना मोबाइलवर वेळ कळवतो. दवाखान्यातलं मशीन बिघडलं, की वैराग-करकंबसारख्या लांबच्या गावच्या माणसाला घर सोडायच्या आतच नवी वेळ जाते. कल्पना यशपालचीच. त्याच्या आईचं, भीमाबाईंचं, अर्धं आजारपण दवाखान्याच्या बाकावर ताटकळण्यात गेलं होतं.

सर्व्हर त्यानं एका नव्याकोऱ्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला. वेगवान होती, आमच्या जुनाट मशीनलाही झेपायची, खोटं कशाला बोलू? पण यानं आणखी एक उद्योग केला. सर्व्हर काम करताना स्क्रीनवर जे संदेश उमटतात, ते त्यानं आईच्या तोंडचे घातले. जेवताना तो विचारायचा, "आई, समोरच्यानं उत्तरच दिलं नाही तर तू काय म्हणशील?"

"दमानं घे की रं. परत हाक मार," भीमाबाई म्हणायच्या.

झालं! दवाखान्याच्या मशीनकडून उत्तर आलं नाही, की स्क्रीनवर तेच. अनोळखी नंबर आला, की "ह्यो कुणाचा कोण? हितं न्हाय ह्या नावाचं कुणी." मी हसून हसून लोळायचे.

गेल्या वर्षी भीमाबाई गेल्या, आणि माझं हसू आटलं. यशपाल मात्र ऑफिसात आला की आधी तो स्क्रीन उघडायचा, चहा नंतर.

मग त्या भाषेची नवी आवृत्ती आली. जुनीत सुरक्षेचं भोक सापडलेलं, त्यामुळं नवी घेणं भाग होतं. एकदा जोडलेलं कनेक्शन बंद करायची पद्धत ती भाषा बनवणाऱ्या शहाण्यांनी बदलली, आणि तसं लिहून ठेवायचं विसरले! सर्व्हर एकेक कनेक्शन उघडं ठेवत गेला आणि सकाळपर्यंत गुदमरला. एखाद्या जुन्या, मुरलेल्या भाषेत असं झालं, तर आपल्याआधी हजार जणांनी डोकं आपटून घेतलेलं असतं. इथं यशपालनं नेटवर प्रश्न टाकला, तर एकुलतं एक उत्तर आलं, "आमचंही असंच होतंय." कपाळ आमचं! स्क्रीनभर एकच ओळ खाली खाली सरकत होती, दमानं घे की रं, परत हाक मार.

नेमकी त्याच दिवशी दवाखान्यातली मशीनं बंद पडली. नवी वेळ कुणालाच गेली नाही. यशपाल माफी मागायला तिकडं गेला, तर करकंबच्या पेशंट वच्छलाबाई सुजलेल्या पायांनी तशाच बाकावर बसलेल्या.

"निरोप न्हाय आला बाबा, म्हून निघाले," त्या म्हणाल्या. रागावल्यासुद्धा नाहीत.

परत येऊन त्यानं वच्छलाबाईंचं सांगितलं. अण्णाराव सर वाईट नाहीत. ते एवढंच म्हणाले, "यशपाल, नव्याचे नऊ दिवस झाले. आता जुन्या भाषेत लिहून घ्या."

माझं टाळकं फिरलं. "सर, दुरुस्त होईल की! एका दिवसात काय आभाळ कोसळलं?" मीच, पहिल्या दिवशी नाकं मुरडणारी!

"नको चैताली," यशपाल म्हणाला. "ती बाई आईच्याच बाकावर बसली होती. माझ्यामुळं."

नवा सर्व्हर आम्ही दोघांनी मिळून लिहिला. निदान संदेश तरी तेच ठेवू, म्हणून मी भांडले. पण आता दवाखान्याचे लोकही तो स्क्रीन बघणार होते, त्यामुळं सगळं इंग्रजीत हवं होतं. यशपाल लगेच इंग्रजी संदेश टाइप करायला बसला. मला त्याचा इतका राग आला, की दुपारचा डबा मी एकटीनंच खाल्ला.

नवा सर्व्हर नीट चालला. जुना कायमचा बंद करायची वेळ आली, तेव्हा यशपाल उठून खिडकीशी गेला, माझ्याकडं पाठ करून.

"तू कर," म्हणाला. "शेवटी एक ओळ येईल. ती तेवढी वाच."

मी आज्ञा दिली. उमटलेली ओळ वाचली, "निगालास व्हय? जेवून जा की रं."

खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. तो वळला नाही.

"जेवलोय म्हणून सांग तिला," तो म्हणाला.

सांगणार कुठं? सर्व्हर बंद झाला होता, नुसता कर्सर लुकलुकत होता. तरी मी टाइप केलं, जेवलाय तो. आणि एंटर दाबलं.

खाली कॉम्प्युटरचं इंग्रजीत उत्तर आलं, अशी कोणतीही आज्ञा सापडली नाही.

"काय म्हणाली?" यशपालनं विचारलं.

"बरं म्हणाली," मी सांगितलं, आणि स्क्रीन बंद केला.