कडुनिंबाखालच्या गाद्या

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी माझ्यासारखी वस्तू पाहिली असेल, म्हणून आधी ओळख सांगते. मी यवतमाळकडच्या नेरच्या एका पिंजारी घरातली जुनी धुनकी आहे. माणसाहून लांब सागाचा दांडा, एका टोकाला रुंद फळी आणि दोन्ही टोकांना ताणून बांधलेली आतड्याची तात. मला दोरीने टांगतात, तात कापसात धरतात आणि तिच्यावर लाकडी दस्ता हाणतात. मग धुंग धुंग आवाज करत दडपलेला कापूस मोकळा होतो. माझे काम एवढेच. पण जिच्या हातांनी ते माझ्याकडून करून घेतले, त्या गुलनारदादीची आठवण निघाली की मी अजून थक्क होते.

मला घडवून घेतले तिच्या सासऱ्यांनी, मोहिउद्दीन पिंजाऱ्यांनी. गुलनार सून म्हणून आली तेव्हा सोळा वर्षांची होती. त्या घरात बायका गाद्या शिवत आणि धुनकी पुरुषच चालवत. पण सासऱ्यांचा खांदा कायमचा धरला, आणि नवरा वणीकडे ट्रकवर असे. एका सकाळी सासऱ्यांनी दस्ता तिच्यापुढे ठेवला.

"बेटी, कापसाले मारायचं नाई," ते म्हणाले. "त्याले उठवायचं."

पहिल्या दिवशी तिच्या तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी तिने हाताला चिंधी बांधली आणि पुन्हा माझ्यापाशी बसली. पुढची पन्नासहून जास्त वर्षे ती बसतच राहिली.

तिचा एक नेम होता. ओळखीच्या कुठल्याही घरात पहिले मूल जन्मले की त्याची पहिली गादुली ती स्वतः करी आणि नेऊन देई. जात कधी विचारली नाही, बदल्यात कधी काही घेतले नाही. आणि तिची स्मरणशक्ती काय सांगू! चाळीस वर्षांपूर्वीची गादी उसवायला आली, की आतला कापूस बोटांत धरून ती सांगे, ही तुझ्या आईच्या लग्नातली.

मग तिचा मुलगा मुजफ्फर विजेवरची पिंजायची मशीन घेऊन आला. दिवसभराचे काम तासात होऊ लागले. मला दाराआड उभे केले गेले. दादी सत्तरीच्या पुढे गेली होती. जाता-येता ती माझ्या तातीला बोट लावी, एवढेच.

नंतर ते साल आले. कापसाला भाव नव्हता, त्यावर बोंडअळी पडली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारलेले औषध उलटून माणसांच्याच तोंडावर येत होते. नेरजवळच्या एका गावातले विठ्ठलराव फवारणी करून घरी आले, त्यांना उलट्या झाल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांना यवतमाळला दवाखान्यात नेले; तिथे असे कितीतरी शेतकरी आधीच दाखल होते. याच विठ्ठलरावांची पहिली गादुली दादीने केली होती. बातमी कळताच ती एसटीने भेटायला गेली.

संध्याकाळी ती परतली. जेवली नाही. मुजफ्फरने विचारले तेव्हा म्हणाली, "ज्यायनं जिंदगीभर कापूस पिकवला, त्यायच्या बायका दवाखान्याच्या फरशीवर निजून राह्यल्या रे."

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर फिरली आणि जुन्या, दगडासारख्या झालेल्या गाद्या मागू लागली. तिने मागितले आणि कुणी नाही म्हटले, असे झाले नाही. मग तिने मला दाराआडून बाहेर काढले.

"अम्मी, मशीनवर पिंजून मी गाद्या पाठवतो," मुजफ्फर म्हणाला. "तुम्ही कायले जाता?"

"गाद्या पाठवता येतात, बेटा. पण त्या बाया दिवसभर दाराकडं पाहत बसून राह्यतात. त्यांच्या हाताले काही तर पाहिजे."

 मुजफ्फरने स्वतः मला आणि त्या जुन्या गाद्यांना एसटीच्या टपावर बांधले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चौकीदाराने आम्हाला अडवले. "आजी, इथं कापूस उडंन, पेशंटच्या छातीत जाईन."

"खरं हाय, बापा. मंग कुठं बसू?"

त्याने आवारातल्या दूरच्या कडुनिंबाकडे बोट दाखवले आणि मला फांदीला टांगायला दोरही त्यानेच आणून दिला.

विठ्ठलरावांची बायको बेबीताई व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. तीन दिवस तिने अन्न घेतले नव्हते, कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. दादी तिला हाताला धरून झाडाखाली घेऊन आली आणि सुई पुढे केली.

"बेबी, माह्या डोळ्याले सुईचं नाकं दिसत नाई. दोरा ओवून दे."

बेबीताईने दोरा ओवला. दादीने गादीचे टोक तिच्या मांडीवर टाकले. बेबीताई टाके घालू लागली. दुपार कलली तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "दादी, त्यायले मीच म्हटलं होतं, आजच्या आज फवारून टाका म्हणून."

माझा आवाज थांबला. दादीने दस्ता खाली ठेवला. "मी बी तेच म्हटलं असतं, माय. पीक डोळ्यांदेखत जात होतं. कोणी बी म्हटलं असतं. तू टाका घाल."

बेबीताई रडली. खूप वेळ रडली. मग तिने दादीच्या डब्यातली अर्धी भाकर खाल्ली.

हळूहळू इतर बायाही झाडाखाली येऊ लागल्या. अकरा दिवसांत सतरा गाद्या झाल्या. सगळे गोड झाले, असे खोटे मी सांगणार नाही. नलू नावाची एक तरुण बाई आमच्यात बसत असे. तिच्या नवऱ्याला घरी नेले ते चादरीत गुंडाळून. त्या दिवशी दादीने मला हात लावला नाही. नलूची अर्धी राहिलेली गादी बेबीताईने पुरी केली.

बाराव्या दिवशी दोघांच्या आधाराने विठ्ठलराव बाहेर आले. त्यांना धूसर का होईना, दिसू लागले होते. ते गादीवर बसले आणि दादीकडे बारीक डोळ्यांनी पाहत म्हणाले, "दादी, तुम्ही इथं काहून?"

"तुह्या जन्माची गादुली तुले लहान झाली असंन," दादी म्हणाली. "मोठी घेऊन आली."

तिच्या मनगटाला सूज होती. पाठ सरळ होत नव्हती. मी सागाची, तरी थकले होते. ती थकलेली मला दिसली नाही.

दोन हिवाळ्यांनी दादी गेली. बेबीताई आणि नलू पहिल्या एसटीने आल्या आणि दिवसभर घरातल्या बायांसोबत बसून राहिल्या. निघताना बेबीताईने मुजफ्फरकडे मला मागितले.

"शोभेले नाई पाहिजे, भाऊ. चालवाले पाहिजे."

तेव्हापासून मी बेबीताईकडे असते. फवारणीच्या दिवसांत ती आणि नलू मला यवतमाळला घेऊन जातात. हात दादीसारखा नाही, पण कापूस उठतो.

मित्रांनो, मागच्या महिन्यात माझी तात तुटली. नवी तात मिळाली, पण ती बांधायची गाठ दादीलाच येत होती. ती कशी मारायची, हे तिला कुणी विचारलेच नाही. मुजफ्फरने तीन दिवस खटपट केली, गाठ दर वेळी सुटली. आता तो आणि बेबीताई घाटंजीपर्यंत म्हाताऱ्या पिंजाऱ्यांची घरे शोधत फिरत आहेत.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील. त्यांचे औषध-पाणी तुम्ही वेळेवर पाहतच असाल. पण तेवढ्यावर उठू नका. जवळ बसा, त्यांच्या हातांत काय काय आहे ते विचारा आणि शिकून घ्या. आणि त्यांच्यापैकी कुणाला धुनकीची गाठ येत असेल, तर नेरला निरोप धाडा. पऱ्हाटी छातीएवढी झाली आहे, फवारणी जवळ आली आहे.