ओल्या मोज्यांची परीक्षा

आत्याच्या तळघरातला बंब ऐन थंडीच्या तोंडावर गेला. गेला म्हणजे साधा बिघडला नाही, पार गेला. दुरुस्तीवाल्याने त्याच्या पोटात हात घातला, गंजाचा तळहाताएवढा पोपडा काढून आत्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, याला आता पेटवायचं तर मला आधी विमा काढावा लागेल." आत्याला हा विनोद अजिबात आवडला नाही. तिने पोपडा कागदात गुंडाळून ठेवून दिला. कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

आत्या ही खरं तर एकट्या भाचीची आत्या. पण वायरमनचं काम करणारी ही भाची येता-जाता जिन्यातून "आत्या, ए आत्या" असा गजर करायची, तो ऐकून ऐकून भाडेकरूही आत्याच म्हणू लागले. खाली आत्या राहायची. पहिल्या मजल्यावर नर्स, दुसऱ्यावर घड्याळजी आणि सगळ्यांत वर, छपराच्या अगदी खाली, भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. बंबातलं गरम पाणी पाइपातून वर चढायचं आणि प्रत्येक खोलीतली लोखंडी जाळी तापवायचं. रोज सकाळी सहाला आत्या बंब पेटवायची आणि कोळशाच्या चिमट्याने पाइपावर तीन ठोके द्यायची. मग वरून उत्तर यायचं. नर्सचा एक ठोका, घड्याळजींचे दोन, मास्तरांचे काठीने तीन.

"ठोकल्याने पाइपातली हवा निघून जाते," असं आत्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ही शुद्ध थाप होती. अकरा वर्षांपूर्वी मास्तर नवे नवे राहायला आले होते. एकदा दुपार झाली तरी त्यांचं वर्तमानपत्र दारातच पडलेलं दिसलं, म्हणून आत्या धापा टाकत वर गेली, तर मास्तर तापाने फणफणून जमिनीवर पडलेले. रात्रभर तसेच. वाचले ते नशिबाने. दुसऱ्याच दिवशी आत्याने हवेचं शास्त्र शोधून काढलं. "रोज सकाळी जिवंत आहात का सांगत जा" असं भाडेकरूंना कसं म्हणणार? त्यापेक्षा हवा बरी.

आता बंब गेला. म्हणजे पाइप गेले, हवा गेली आणि हजेरीही गेली. आत्याला काळजी लागली ती थंडीची नव्हे.

भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने सरळ सांगून टाकलं, "विजेचे हीटर लावू. कोळसा नको, राख नको, तुला तळघरात उतरायला नको. तीन जातीचे आणते, बघ आणि निवड." आणि सोमवारी ती टेम्पोतून तीन नग घेऊन आली. एक भिंतीवर टांगायचं चपटं पॅनेल, एक तेल भरलेला, चाकांवर फिरणारा आणि एक आडदांड पेटारा, ज्याच्या पोटात विटा होत्या. या विटा रात्री विजेवर तापायच्या आणि दिवसभर हळूहळू ऊब सोडत राहायच्या.

"बघून काय कळणार?" आत्या म्हणाली. "परीक्षा घ्यायला हवी."

परीक्षा ठरली ती ओल्या मोज्यांची. लोकरीचे मोजे पाण्यातून काढायचे, आत्याने स्वतःच्या हाताने पिळायचे, खुर्चीच्या पाठीवर घालायचे आणि खुर्ची हीटरपासून हातभर लांब ठेवायची. हीटरवर कपडा टाकायचा नाही, यावर भाची ठाम होती. "टाकलास तर मोजे वाळणार नाहीत, पेटतील," ती म्हणाली. घड्याळजींनी वेळ मोजायची जबाबदारी अशी काही अंगावर घेतली, जणू घोड्यांची शर्यत आहे. मास्तर कानटोपी घालून खोकत खोकत निकाल वहीत लिहीत होते. नर्सने दर दहा मिनिटांनी मोज्यांची नाडी पाहिली.

पॅनेलने सव्वा तासात मोजे वाळवले. "कडक झाले," आत्या म्हणाली. "पापड वाटतात. नापास."

तेलवाल्याला दोन तास लागले. "वास येतोय."

"वास मोज्यांचा आहे, आत्या," भाची म्हणाली.

"कशाचा का असेना, येतोय ना? नापास."

रात्रभर तापवलेल्या विटांच्या पेटाऱ्याने मंगळवारची अख्खी सकाळ घेतली, पण संध्याकाळी पाचला मास्तरांच्या खोलीत पाऊल टाकलं तरी अजून उबदार होतं. मास्तर पहिल्यांदाच कानटोपी काढून बसले होते. आत्याने खोलीभर नजर फिरवली, काहीच सापडेना, तेव्हा म्हणाली, "फार मोठा आहे. नजरेत खुपतो."

भाचीने कपाळावर हात मारला.

मंगळवार गेला, बुधवार गेला. नकार देता देता आत्याची कारणंही संपत आली. पॅनेलवरचा लाल दिवा डोळा मारतो, तेलवाल्याची चाकं कुरकुरतात. गुरुवारी मास्तरांच्या लेकीचा फोन आला. आत्याशी ती गोडच बोलली, पण मुद्द्याचं बोलली. "बाबांचा खोकला वाढलाय. रविवारी येते मी. खोली गरम नसेल तर त्यांना माझ्याकडे घेऊन जाईन. ते नाही म्हणतील, पण मी ऐकणार नाही."

आत्या फोन ठेवून तशीच उभी राहिली. सहा वाजता तीन ठोके ऐकू यावेत म्हणून जो एवढा खटाटोप चालला होता, त्याच खटाटोपापायी ठोके देणारा माणूस घर सोडून चालला होता.

शुक्रवारी भाची टेम्पो घेऊन आली ती हीटर परत न्यायलाच. तिचा आवाज चढला होता. "तुला हवंय तरी काय, आत्या? स्थळं सांगून आल्यासारखी एकेकाला नाकं मुरडतेस! त्या मास्तरांचा तरी विचार कर!"

"त्यांचाच करतेय!" आत्या ओरडली. मग जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिने वर्तमानपत्रापासून हवेपर्यंत सगळं सांगून टाकलं. "प्रत्येकाच्या खोलीत बटण आलं की माझं काय काम? मास्तर उठले की नाही, मला कसं कळणार?"

 भाचीने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला आणि आत्याच्या शेजारी बसली. "मग इतके दिवस मोज्यांना का छळत होतीस? हीटर लावायचे म्हणून पाइप उपटायचा असं कुणी सांगितलं? जाळ्या काढू, उभा पाइप राहू दे. रिकामा पाइप तर आणखी घणघणेल."

आत्याने नाक पुसलं. "आणि तिघांना तीन तऱ्हेचे हीटर? एका घरात वेगळ्या चुली?"

"वेगळं कुणी होत नाहीये. नर्स कधीही येते, कधीही जाते. तिला लगेच तापणारं पॅनेल. घड्याळजी दिवसभर एका टेबलाशी बसतात, त्यांना चाकांवरचा, पायाशी ओढून घेतील. मास्तर दिवसभर घरात, त्यांना विटांचा. प्रत्येक खोलीला वायर मात्र नवीन आणि स्वतंत्र ओढीन. या जुन्या वायरींना एवढा भार सोसणार नाही."

"खुपतो तो नजरेत," आत्या पुटपुटली, पण आता त्यात दम नव्हता.

भाचीने शनिवारी रात्र होईतो काम केलं. रविवारी मास्तरांची लेक आली. तिने आधी कोट काढला, पंधरा मिनिटांनी स्वेटर काढला, मग खिडकी किलकिली करू का म्हणून विचारलं. जाताना तिने आत्याचे दोन्ही हात हातात घेतले. सगळं कसं छान पार पडलं.

सोमवारी आत्या सवयीने साडेपाचला उठली, चिमटा घेऊन तळघरात उतरली. बंबाच्या जागी आता नुसता एक स्वच्छ चौकोन उरला होता. सहा वाजले. तिने चिमटा उचलला आणि तिचा हात अडला. ठोकायचं ते कुठल्या तोंडाने? हवा काढायला? पाइपात आता हवेशिवाय दुसरं होतंच काय? म्हातारीला चळ लागला म्हणतील. पेटवायला काही नाही, सांगायला काही नाही. आत्याने चिमटा खाली केला आणि उपड्या बादलीवर बसून राहिली. तिला अगदी भडभडून आलं.

ठण. ठण. ठण.

पाइप खरोखरच पूर्वीपेक्षा जास्त घणघणला. काठीचे तीन. मास्तर उठले होते! पाठोपाठ दोन. मग एक. आत्याला एकदम हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. ती बाहीने डोळे पुसत बसली आणि उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

थोड्या वेळाने जिन्यावर धडधड झाली. दार उघडलं. पुढे नर्स, हातात औषधांची पेटी. तिच्या मागे घड्याळजी, हातात किल्ली. सगळ्यांत मागे काठी टेकत मास्तर, ओठांवर टूथपेस्टचा फेस.

"सहा वाजून नऊ मिनिटं!" घड्याळजी म्हणाले. "आम्ही पाचच मिनिटं थांबतो. आज मास्तरांच्या जिन्यामुळे उशीर झाला."

"कशासाठी थांबता? आणि ही माझ्या घराची किल्ली तुमच्याकडे कशी?"

"तुमच्या भाचीने दिली. अडीअडचणीला असावी म्हणून मागून घेतली, ठोक्यांचं तिला सांगितलं नाही. दहा-अकरा वर्षं झाली," नर्स म्हणाली. "मी राहायला आले त्याच दिवशी या घड्याळजींनी मला बजावलं होतं. खालून ठोका आला नाही तर पाच मिनिटं वाट बघायची आणि खाली धावायचं. बंब बंद होता तेवढे दिवस आम्ही सकाळी जिन्यातूनच तुमचा कानोसा घ्यायचो, पण भाचीने पाइप ठेवला म्हटल्यावर आज पुन्हा ठोक्याची वाट बघितली. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा धावलो."

"हवा निघून जाते हे मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं," घड्याळजी म्हणाले. "माझा धंदाच यंत्रांचा आहे, आत्या."

मास्तरांनी फेस पुसला. "मी पडलो तेव्हा तुम्ही वर आलात. मग मनात आलं, तुम्ही पडलात तर कोण येणार? तुम्हीही एकट्याच की."

आत्या तिघांकडे बघत राहिली. अकरा वर्षं ती यांची हजेरी घेत होती आणि अकरा वर्षं हे तिघं तिची घेत होते. मग नेहमीसारखी ती रागावली.

"नवे हीटर चालू आणि दारं सताड उघडी टाकून आलात ना? सगळी ऊब जिन्यात गेली! मास्तर, कानटोपी कुठाय? चला, आधी वर व्हा!"

तिघंही शाळेतल्या पोरांसारखे हसत हसत वर गेले. आत्याने तिन्ही दारं लागल्याचे आवाज ऐकले. मग ती उठली, चिमटा घट्ट धरला आणि पाइपावर तीन सणसणीत ठोके दिले.

उत्तर आलं. एक, दोन, तीन. आत्याने चिमटा खिळ्याला अडकवला आणि चहा टाकायला वर गेली.