पांढरा ठिपका

"चाकाला हात लावू नका, बाई. भाजेल."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. दादांनी मात्र आपला पंजा पुढच्या चाकांजवळ नेला, आधी उजव्या, मग डाव्या. दोन्हीकडून तापल्या तव्याजवळ यावी तशी धग येत होती. मागची चाकं थंडगार होती. सकाळी गॅरेजातून निघताना ही हिरवी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार एका हाताने ढकलली तरी पुढे जात होती. सहा किलोमीटरांत ती अशी जड झाली, की ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच जागच्या जागी थांबायला लागली.

"मंगळवारी अस्संच झालं," बाई म्हणाल्या. "आधी जळका वास, मग धूर. पूल उतरताना गाडी आपली आपणच अडकली. मागून ट्रक येत होता. त्याने ऐन वेळी वळवला, म्हणून आज तुमच्याशी बोलतेय."

दादा पुन्हा वाकून चाकांकडे बघू लागले.

मंगळवारी बोलायचं ते सगळं धाकट्या भावाने बोलून घेतलं होतं. गॅरेजच्या दारात, चार माणसांदेखत. "पुढचे ब्रेक दादानेच केले होते, मॅडम. वय झालंय त्याचं. राहून गेलं असेल काहीतरी." आणि सोमवारपासून दादांनी सुटे भाग द्यायच्या काउंटरवर बसायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे धाकट्याने ठरवलं. गॅरेजच्या पाटीवर वडिलांनंतर त्याचं नाव होतं, कारण त्याला बोलता येत होतं आणि दादांना फक्त ब्रेक करता येत होते. एकोणचाळीस वर्षं. दादांनी एवढंच मागून घेतलं, "बसतो मी. पण आधी माझी चूक मला बघू दे."

खरं सांगायचं तर दादांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. हल्ली ते कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचे. गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून विसरले आणि भांडं करपलं. मंगळवारी बायको म्हणाली होती, "झालं असेल हो तुमच्याकडून. वयापुढे कुणाचं चालतं?" ती समजुतीनेच म्हणाली होती, पण चार दिवस तेच वाक्य त्यांना आतून खात होतं.

गाडी रखडत रखडत गॅरेजात आणली. बाई दवाखान्यात गेल्या, चार वाजता येते म्हणाल्या. धाकटा ऑफिसच्या काचेमागे फोनवर होता. दादांनी गाडी गरम असतानाच जॅकवर घेतली. उजवं चाक दोन्ही हातांनी फिरेना. त्यांनी चाकाला ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरवरचा, हवा काढायचा निपल अर्धा फेरा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं.

म्हणजे कॅलिपर चिकटला नव्हता, आत दाब कोंडला होता. दादांनी केलेलं काम कॅलिपरचं. पण इतक्यात हुरळून जाण्यात अर्थ नव्हता. त्यांनी निपल बंद केला, पेडल सात-आठ वेळा दाबलं, चाकं पुन्हा जखडली. मग पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरपाशीच नळीचा जोड सैल केला. चाकं पुन्हा सुटली. म्हणजे रबरी होज आणि नळ्याही निर्दोष होत्या. पाय काढल्यावर सिलिंडरमधला दट्ट्या पुरता मागे येत नव्हता आणि आत गेलेल्या ऑइलला परतीची वाट मिळत नव्हती. त्याला मागून कोण रेटतंय, एवढंच आता बघायचं होतं.

दादांनी पेडल हाताने हलवून पाहिलं. जराही मोकळीक नव्हती. वडील म्हणायचे, पेडलला नखाएवढी तरी मोकळीक हवी, नाहीतर ब्रेक लागेल पण सुटायचा नाही. या गाडीत शिरायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागे. दादा सीटवर उताणे झाले, डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर, आणि तोंडात बॅटरी धरून त्यांनी वर पाहिलं. पेडलपासून सिलिंडरकडे जाणारा दांडा कुणीतरी लांब केला होता. त्यावर नट आवळला होता. आणि नटावर ठिपका होता. पांढरा.

गॅरेजला वडिलांनी नियमच घालून दिला होता. नट ज्याने आवळला, त्याने त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढे तुझं-माझं नको. दादांचा पांढरा, धाकट्याचा लाल. रंगांच्या बाटल्या पहिल्यांदा आणल्या दादांच्या बायकोने, नवी नवरी असताना. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा, आईवेगळा. "तू मोठा झालास की हा लाल तुझा," असं सांगून तिने ती बाटली कपाटात जपून ठेवली होती. पुढे तिला मूल झालं नाही. तिचं मूल म्हणजे हाच. स्वतःचा संसार थाटल्यावरही दर शनिवारी संध्याकाळी तो वहिनीच्या हातचं जेवायला यायचा. एकदाही चुकला नव्हता.

पांढरा ठिपका दादांचा. म्हणजे आपणच. ब्रेक करून दिले तेव्हा बाई पेडल फार खोल जातं, वर घ्या म्हणत होत्या आणि आपण नाही म्हणालो होतो, हे स्पष्ट आठवत होतं. नाही म्हणून नंतर केलं? बायको म्हणाली तेच खरं. आज हा नट, उद्या आणखी काय. ते तसेच उताणे पडून राहिले.

मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की ठिपका फार मोठा आहे. दादा काडीच्या टोकाने मोहरीएवढा ठिपका द्यायचे. हा नटाच्या कडेपर्यंत पसरला होता. त्यांनी अंगठ्याचं नख लावलं. वरचा रंग अजून ओलसर होता, सालीसारखा निघाला. खाली जुना, कडक झालेला लाल होता.

धाकट्याला त्यांनी हाक मारली नाही. ऑफिसात गेले, दार लावलं आणि अंगठा त्याच्यापुढे धरला. धाकट्याने फोन खाली ठेवला.

"बाईंनी तगादा लावला होता," तो म्हणाला. "तू ऐकेनास. मी दांड्याला दीड फेरा दिला, बास."

"आणि रंग?"

"हळू बोल ना."

"हळूच बोलतोय. रंग कधी लावलास?"

"काल. तू बघणार म्हणून अडून बसलास, मग काय करणार? नट परत फिरवला असता तर चूकच सापडली नसती. बाईंना काय सांगायचं होतं? पाटीवर माझं नाव आहे, दादा. माझ्या हातून बाई ट्रकखाली जात होती असं कळलं तर उद्या गॅरेजला कुलूप लागेल. तुझं काय, तू आज ना उद्या थांबणारच होतास."

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. याला पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं. रंग चढवायला कुणी शिकवलं ते कळेना.

ते परत गाडीत शिरले. दांडा दीड फेरा मागे घेतला, नखाएवढी मोकळीक दिली, नट आवळला. ब्रेकमधली हवा काढून ऑइल भरलं आणि गाडी बारा किलोमीटर फिरवून आणली. चाकं कोमट, तेवढीच. नटावरचे दोन्ही रंग त्यांनी आधीच खरवडून काढले होते. आता तिथे त्यांनी ठिपका दिला नाही. इतक्या वर्षांत बिनठिपक्याचा पहिला नट.

चार वाजता बाई आल्या. "सगळं मी स्वतः तपासलंय, मॅडम," म्हणत धाकट्याने किल्ली दिली. बाईंनी एक चक्कर मारली, खूश झाल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुमच्या दादांना आता आराम द्या हो. चांगला माणूस आहे." दादा चार पावलांवर हात पुसत उभे होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. पण ते वाक्य घरी बायकोच्या कानावर जाईल, या भीतीने त्यांनी ते गिळलं.

घरी बायको दारातच होती.

"सापडली चूक?"

"सापडली."

"कुणाची होती?"

"माझीच."

यात मोठेपणा वगैरे काही नव्हता. जीभ कडू झाली होती आणि धाकट्याचा मनातून संताप येत होता. पण तिचं एकुलतं मूल आपल्या हाताने काढून घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "हात धुवा. अंगठ्याला काय लागलंय?"

"लागलं नाही. रंग आहे."

तिने त्यांचा अंगठा हातात घेतला आणि ओल्या फडक्याने पुसला. वरचा पांढरा निघून आला. नखाच्या आत लाल बसला होता, तो निघेना. तिने पुसायचं थांबवलं.

"पांढऱ्याखाली होता?" तिने विचारलं.

दादांनी हात सोडवून घेतला आणि नळ सुरू केला.

शनिवार म्हणून ओट्यावर तीन ताटं काढून ठेवलेली होती. तिने त्यातलं एक उचललं, कोरडंच होतं तरी पुसलं, आणि फळीवर परत ठेवून दिलं.