अनीशची वाटणी

आमच्या घरात माणसं चार, पण सत्ता तीनच: नवरा विवेक, मी आणि थोरली आर्या. धाकटा अनीश सोळा वर्षांचा. त्याला कोण विचारतंय!

त्या रविवारी सकाळी सिंगापूरमधल्या आमच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये युद्धच पेटलं. विवेकने मला न विचारता पीआरच्या, म्हणजे इथल्या कायमच्या रहिवासाच्या अर्जासाठी मंगळवारची वेळ घेऊन ठेवली होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पीआर मिळाला की मुलाला दोन वर्षं इथल्या आर्मीत जावं लागतं, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

"पोटच्या पोराच्या हातात बंदूक देऊ?" कणीक तिंबता तिंबता मी ओरडले.

"अगं नीता, इथली सगळीच मुलं जातात. उद्या माझा नोकरीचा पास वाढवून मिळाला नाही तर चौघांनाही गाशा गुंडाळावा लागेल. मग?"

"मग गुंडाळू! पुणं काही बुडालं नाहीये."

आता मत उरलं आर्याचं. ती ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकते. तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या लढायांवर प्रोजेक्ट करतेय आणि तिथली एक खोड घरी घेऊन आलीय. जो हरत असेल त्याच्या बाजूला उभं राहायचं, कुणाचंच पारडं फार जड होऊ द्यायचं नाही. "इंग्लंड हेच करायचं, आई," म्हणते. म्हटलं, थांब, दाखवते तुझ्या इंग्लंडला! आवाज बारीक केला, पदर नव्हता म्हणून कुर्त्याची बाही डोळ्यांना लावली. खोटं कशाला बोलू, निम्मं रडू खरं होतं.

"बाबा, धिस इज टू मच," म्हणत आर्या लगेच माझ्याकडे आली.

विवेक एकटा पडला. तहसुद्धा तिनेच सुचवला. अर्ज तिघांनीच करायचा, अनीशला वगळायचं. तो स्टुडंट पासवर राहील, म्हणजे आर्मीचा प्रश्नच नाही. विवेक शेवटी "बरं" म्हणाला. त्याने तिघांचे फोटो पाकिटात भरले. जिंकले होते मी, आणि छान वाटत होतं.

"पण आई," आर्या एकदम अडखळली. "स्पेनमध्ये असंच झालं होतं. तिथला राजा आजारी, मूलबाळ नाही. युद्ध नको म्हणून लंडन आणि पॅरिसच्या राजांनी त्याच्या राज्याची परस्पर वाटणी केली. त्याला विचारलंच नाही. कळल्यावर तो इतका चिडला की तुकडे नकोत म्हणून अख्खं राज्य पॅरिसवाल्याच्या नातवाला देऊन टाकलं. मग जे युद्ध पेटलं, ते वर्षानुवर्षं विझेना."

"मेलेल्या राजाचं मला काय सांगतेस? पोळपाट दे इकडे."

तिने दिला नाही. ती दाराकडे बघत होती. जाळीच्या दाराबाहेर काखेत फुटबॉल धरून अनीश उभा होता. कधीपासून, देव जाणे.

"सो तुम्ही तिघं इन, मी आउट?"

"तुझ्यासाठीच रे, सोन्या..."

"आस्क मी फर्स्ट लाह!" इथल्या पोरांचं ते 'लाह' लावता लावता त्याचा आवाज फाटला. "मला आर्मीची भीती वाटते, आई. खूप वाटते. पण या घरात मी एकटाच फॉरेनर, याची जास्त वाटते. बाबा, माझं नाव टाका."

विवेक जिंकला होता, पण त्याने मान वर केली नाही. आर्या रडत होती. या वेळी ती कुणाच्याच बाजूला उभी राहिली नाही.

पोराला वाचवायला निघाले होते आणि त्यालाच घराबाहेर काढून पोळ्या लाटायला बसले होते.

"आई, बोल ना काहीतरी," अनीश म्हणाला.

मी हात धुतले, त्याचा पांढरा शर्ट काढून त्याला इस्त्री केली.

"घाल हा. खाली जाऊन अर्जासाठी फोटो काढून आण. आणि कॉलर नीट कर."

त्याला कुठली जमतेय! शेवटी मीच केली. नीट झाली, तरी माझ्या हातून ती सुटेना.