सौनाच्या पलीकडची खोली

“हे कपाट काढून टाकलं तर?” ब्रुकने लाकडी दारावर टकटक करत विचारलं.

“ते कपाट नाही, सौना आहे,” आई म्हणाली. “माझ्या नवऱ्याने बांधलाय. दर शनिवारी मी त्यात घाम काढते. तू कुठली गं?”

“शहरातून आलेय, हेल्मी.”

“दिसतंच आहे. आणि मला मिसेस कांगस म्हण.”

ब्रुक हसली, पण तिची नजर हातातल्या टॅबच्या पडद्यावरच होती. आईच्या हृदयावर लांबून लक्ष ठेवणाऱ्या संस्थेची ती बाई. इस्पितळातून घरी सोडताना त्यांनी आईला एक पांढरी डबी दिली होती. ती उशाशी ठेवायची. ठोक्यांची नोंद घरच्या वायफायवरून ती त्यांच्या कार्यालयात पाठवणार होती. राउटर पुढे बैठकीत, रस्त्याकडच्या खिडकीशी होता आणि आईची खोली घराच्या मागच्या टोकाला. मधे सौना, म्हणजे चूल पेटवून वाफेत न्हायची लाकडी खोली. मिशिगनच्या आमच्या या उत्तर टोकाला मूळचा फिनलंडचा माणूस आधी सौना बांधतो आणि मग त्याच्याभोवती घर. वाफ भिंतीत मुरू नये म्हणून वडिलांनी लाकडाच्या आतून सगळीकडे ॲल्युमिनियमचा कागद ठोकलेला. त्यातून वायफाय पलीकडे जाणं शक्यच नव्हतं.

“डबी जोडलेली राहिली नाही तर तुमचं नाव आमच्या योजनेतून निघेल,” ब्रुक म्हणाली. “मग डॉक्टर वृद्धाश्रमच सुचवतील. त्यापेक्षा सोपं सांगू? पलंग बैठकीत आणा.”

“म्हणजे रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याने मला गाऊनमध्ये बघायचं?”

“पडदे लावता येतील ना.”

आईने शाळेच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढलं होतं. गावातल्या दोन पिढ्यांना तिने गाजरं खायला लावली, आणि त्यासाठी आवाज कधी चढवावा लागला नाही. त्या दिवशीही तिने तो चढवला नाही. “माझा पलंग आहे तिथेच राहील,” ती म्हणाली. “तुमच्या डबीला बैठकीत बसायचं असेल तर तिला खुर्ची देते.”

ब्रुक गेल्यावर मात्र आई कितीतरी वेळ पलंगाच्या कडेला हात ठेवून बसून राहिली. याच पलंगावर वडील गेले होते. मी गावात जाऊन दुसरा राउटर घेऊन आले.

माझी पहिली चूक अगदी बाळबोध. वायफाय हवं आईच्या खोलीत, म्हणून मी तो राउटर तार न जोडता तिथेच, तिच्या कपाटावर ठेवला. डबीवर वायफायच्या सगळ्या रेघा झोकात उमटल्या आणि संदेश एकही गेला नाही. शेजारची आयली सौनाची चूल पेटवायला आली होती. हातात लाकडं घेऊन ती दारातून बघत राहिली.

“काय बिघडलं?”

“याला पहिल्याचंच काही ऐकू येत नाहीये. मग हा पुढे काय सांगणार?”

“म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकासारखं,” आयली म्हणाली. “इकडे आवाज खणखणीत, वरून मात्र काही येत नाही.”

आई इतकी हसली की मला डबीची काळजी वाटली.

शेवटी पहिल्या राउटरपासून दुसऱ्यापर्यंत तारच ओढायची ठरली. घराच्या जमिनीखालच्या पोकळीतून मी पोटावर सरपटत गेले आणि आई वरून काठी आपटून वाट दाखवत राहिली. “अजून पुढे! तिथे चूल आहे, बाई, डोकं सांभाळ!” आयलीने कोपऱ्यातल्या फळीला भोक पाडलं आणि तार वर ओढून घेतली. दोन्ही राउटरना मी एकच नाव दिलं, परवलीचा शब्दही एकच. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम पहिल्याकडे ठेवलं आणि दुसऱ्याचं बंद केलं. दोघंही वाटायला लागले की गोंधळ होतो.

“बरोबर आहे,” आई म्हणाली. “वाढपी एकच असावी.”

ब्रुक पुन्हा आली, टॅबचा पडदा बघितला आणि खूश झाली. आईने तिला वेलचीचा पाव कापून दिला. ती गेल्यावर आईने चादर ताणून सरळ केली. “चला,” म्हणाली, “माझ्याच खोलीत झोपायची मला परवानगी मिळाली.”

मार्चमधल्या एका शनिवारी आई गेली. दुपारी आयली चूल पेटवायला आली, तेव्हा तिला आई पलंगाशी खाली पडलेली सापडली. एका पायात चप्पल होती. तिचा फोन आल्यावर मी माझ्या घरून पोचेपर्यंत पाणी तापलेलं होतं. अंत्यविधीवाल्यांना आम्ही बाहेर थांबायला सांगितलं. आईने तिच्या आईला जसं सौनात न्हाऊ घातलं होतं, तसं आम्ही दोघींनी तिला घातलं.

सोमवारी फोन वाजला. ब्रुक होती.

“आई कशा आहेत? शनिवारी सकाळी त्यांच्या ठोक्यांची धोक्याची सूचना आलीय, म्हणून म्हटलं विचारावं.”

“शनिवारची सूचना तुम्ही आज बघताय?”

“शनिवार-रविवार आमचं कार्यालय बंद असतं ना. तातडीचं काही असलं तर रुग्णाने स्वतः मदत बोलवायची असते. सुरुवातीलाच सांगितलं होतं आम्ही.”

“सूचना नीट पोचली नव्हती का?”

“छे, छे! एकदम स्पष्ट. तुमच्या घरचं कनेक्शन फारच चांगलं आहे.”

या लोकांनी आईला तिच्या पलंगावरून उठवायला काढलं होतं. का, तर भिंतीतून निरोप जात नाही. निरोप गेला होता. जमिनीखालून, तारेतून, खांबांवरून, शहरापर्यंत व्यवस्थित गेला होता. आई जमिनीवर पडली होती आणि तो तिथे एका रिकाम्या खुर्चीसमोर पडून होता.

“त्यांना फोन देता का? दोन प्रश्न विचारायचेत फक्त.”

“उद्या सकाळी चर्चमध्ये या,” मी म्हटलं. “तिथे असेल ती.”

पलीकडून ती भराभर काहीतरी बोलायला लागली. मी फोन बंद न करता टेबलावर ठेवून दिला. पुरायच्या वेळी आईला घालायचा निळा ड्रेस समोर पसरलेला होता. डाव्या बाजूची कॉलर अजून नीट बसत नव्हती. मी तिच्यावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री उचलली.