थिजलेला मेहुणा

आमचा मेहुणा दर रविवारी टीव्हीवर थिजू लागला, तेव्हा माझा पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरवर गेला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो दूरच्या शहरात एका इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे काम करतो आणि रविवारी कामावर जाण्याआधी आमच्या टीव्हीवर येतो. टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा बसवलाय, त्यामुळे आम्ही त्याला दिसतो आणि तो आम्हाला. हा सगळा थाट सासऱ्यांसाठी. सासरे आमच्याकडेच राहतात. जन्मभर शिंपीकाम केलं, सुईत दोरा ओवून ओवून डोळे अधू झाले. मोबाइलवर त्यांना मुलगा दिसतो तो शर्टाच्या बटणाएवढा. टीव्हीवर मात्र छातीपर्यंत सबंध दिसतो आणि त्याच्या कॉलरचं कापड उलटं लावलंय हेसुद्धा दिसतं. साध्या फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ते सगळ्यालाच ‘हो हो’ म्हणतात. मागे एका बाईंना त्यांनी असंच हो हो म्हटलं आणि आमच्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र घेऊन दोन माणसं आली.

त्यामुळे फोनवरचा त्यांचा ‘हो’ मेहुण्याला चालणार नव्हता. त्याला एका मोठ्या गोष्टीसाठी ‘हो’ हवा होता. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास निघालाय. बाग आहे, डॉक्टर आहे, खोलीला स्वतंत्र गॅलरी आहे. बाबांनी तिथं येऊन राहावं, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं. खोली त्यानं धरून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंतच.

“बाबांनी माझ्याकडे बघून हो म्हटलं पाहिजे, भाऊजी,” तो मला म्हणाला. “उद्या कुणी म्हणायला नको, पोरानं बापाला गंडवून नेलं.”

सरळ माणूस आहे. सरळ माणसांचा हाच त्रास असतो, ते प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघत बसतात.

तर दर रविवारी हवापाणी व्हायचं, गुडघ्यांची चौकशी व्हायची, सासरे कॉलरवर टीका करायचे, आणि मग मेहुणा घसा साफ करून म्हणायचा, “बरं बाबा, त्या खोलीचं...” आणि दोन-चार वाक्यांतच तो थिजायचा. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत. शिंक येता येता राहून गेलेल्या माणसासारखा. मग पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र यायचं आणि खाली ओळ उमटायची, की आपलं नेटवर्क तपासा.

मी तपासायचो. टीव्ही बंद करायचो, चालू करायचो. राउटरची पिन काढायचो, मनातल्या मनात अंक मोजायचो, पिन लावायचो. दिवे लाल व्हायचे, पिवळे व्हायचे, कधी कधी नुसतेच विचारात पडायचे. सगळे हिरवे होईपर्यंत मेहुण्याची कामाची वेळ झालेली असायची. प्रश्न पुढच्या रविवारवर जायचा.

आता डॉक्टर. हा माणूस एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाला होता, “तुमच्याकडे इंटरनेट चांगलं चालतं का हो?” दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाला आमच्या इंटरनेटमध्ये डोकावायचं कारण काय? मी “ठीकठाक” असं मोघम उत्तर दिलं आणि घरी येऊन छताकडे बघितलं. त्याची बैठकीची खोली बरोबर आमच्या दिवाणखान्यावर येते. आमचा राउटर दिवाणखान्यात. मधे एक स्लॅब. मी त्याच दिवशी राउटर उचलला आणि स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला, मायक्रोवेव्ह ओव्हनच्या मागे नेऊन दडवला. तिथून वर काही जाणार नाही, असा माझा हिशोब.

मेहुणा थिजायला लागला तो त्याच्या पुढच्या रविवारपासून. म्हणजे डॉक्टरला सुगावा लागला होता आणि तो सूड घेत होता. लिफ्टमध्ये भेटला की हसायचा. दातांच्या डॉक्टरचे दात इतके चांगले असणंही मला खटकू लागलं.

पण मग मी नीट विचार केला, आणि विचार केला की संशय एका जागी टिकत नाही. मेहुणा थिजायचा तेव्हा राउटर कुठे असायचा? स्वयंपाकघरात. आणि त्या वेळी स्वयंपाकघरात कोण असायचं? आमची ही. खोलीचा विषय निघाला, की ती कोचावरून उठलीच म्हणून समजा. वडिलांनी जाऊ नये असं तिला वाटत होतं, हे मला ठाऊक होतं. ती बोलली नव्हती, पण त्यांच्या उशांचे अभ्रे बदलताना ती उशांना जरा जास्तच जोरात थोपटायची.

“तू नेमकी तेव्हाच आत का जातेस?” मी विचारलं.

“कधी?”

“तो खोलीचं काढतो तेव्हा.”

“बाबांचा चहा तापवायला जाते. गार झालेला असतो.”

“दर रविवारी? नेमका तेव्हाच?”

“तोपर्यंत माझा भाऊ काय थोडं बोललेला असतो? कपात साय धरते.” मग ती माझ्याकडे वळली. “म्हणजे तुम्हाला म्हणायचंय, मी आत जाऊन वायर उपटते?”

“मी असं काही म्हटलं नाही.”

“मला मात्र म्हणायचंय. तो थिजला रे थिजला की तुम्ही टुणकन उठता आणि सगळी बटणं बंद करता. कोण सांगतं तुम्हाला? जरा थांबलात तर कदाचित आपोआप येईल. पण नाही. तुम्हाला तो नकोच असतो. पहिल्यापासून.”

“मी दुरुस्ती करतो.”

“तेच म्हणतेय मी. दुरुस्ती कशाची करता, ते मला कळतंय.”

तेव्हापासून घरात आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवू लागलो. मी पाणी प्यायला उठलो तरी ती “कुठे?” विचारायची. ती भाजी चिरायला गेली की मी उगाचच मीठ आहे का बघून यायचो. सासरे मात्र खिडकीजवळच्या खुर्चीत शांत बसलेले. त्यांच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. राउटर म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. ते त्याला ‘दिव्यांचं खोकं’ म्हणत आणि त्याच्यावर वर्तमानपत्र ठेवत.

महिना सरत आला. आता एकच रविवार उरला होता आणि मेहुण्याचा निरोप आला की या वेळी उत्तर नाही मिळालं तर खोली दुसऱ्याला जाईल. मी इंटरनेट कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक मुलगी बोलली. आवाज गोड, म्हणजे सावध राहिलेलं बरं.

“सर, टीव्ही आणि राउटरच्या मधे भिंत आहे का?”

“भिंती घराला असतातच.”

“राउटरच्या जवळ मायक्रोवेव्ह वगैरे आहे का, सर?”

मी सावरून बसलो. टीव्ही चालत नाही म्हणून फोन केला आणि ही विचारते घरात वस्तू काय काय आहेत. आज ओव्हन विचारला, उद्या कपाटाची चावी कुठे ठेवता ते विचारेल.

“नाही,” मी म्हणालो.

“नक्की ना, सर?”

“आमच्याकडे काहीच नाही. आम्ही साधी माणसं आहोत.”

“ठीक आहे, सर. तरी एक करून बघा. टीव्हीवर तुमच्या वायफायची दोन नावं दिसतील. ज्याच्या शेवटी पाच आहे...”

मी फोन ठेवला. पण दोन नावं आहेत हे मात्र डोक्यात राहिलं. रिमोट घेऊन बघितलं, तर खरंच दोन होती. एक साधं आणि एक शेपटीला पाच लावलेलं. आजवर आम्ही साध्यावर होतो. म्हणजे डॉक्टरही साध्यावरच डोळा ठेवून बसला असणार. मी लगोलग पासवर्ड बदलला आणि टीव्ही दुसऱ्या नावावर नेला. बाणाचं बटण दाबत एकेक अक्षर शोधून रिमोटनं पासवर्ड टाकणं म्हणजे गोणीतल्या तांदळातून हवा तो दाणा वेचण्यासारखं आहे. मधेच मोठं अक्षर लहान व्हायचं. एकदा तर सगळं बरोबर टाकून शेवटी ‘रद्द करा’ दाबलं गेलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

“काय चाललंय?”

“दुरुस्ती.”

“हं,” ती म्हणाली. त्या ‘हं’मध्ये भरपूर जागा होती.

रविवार उजाडला. मेहुणा आला. इतका स्वच्छ आला की सासरे पुढे सरकून म्हणाले, “डाव्या खांद्याची शिवण उतरलीये रे तुझ्या. कुणी शिवला?”

“तयार घेतला, बाबा.”

“दिसतंय.”

गुडघे झाले, हवा झाली. मेहुण्यानं घसा साफ केला. मी रिमोट मुद्दाम लांब टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले, बायकोला दिसतील असे. बायकोही कोचावर घट्ट बसली, मला दिसेल अशी. आज काही झालंच तर गुन्हेगार वरच्या मजल्यावरचाच ठरणार होता.

“बरं बाबा,” मेहुणा म्हणाला, “त्या खोलीचं आज सांगावंच लागेल.”

सासऱ्यांनी कपाला बोट लावलं. “चहा गार झालाय, बाई. जरा तापवून आण.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी हात उचलून दाखवले. ती कप घेऊन आत गेली. ओव्हनचं दार लागल्याचा आवाज आला आणि तो गुरगुरायला लागला. सासरे खुर्चीत मागे टेकले आणि टीव्हीकडे बघत राहिले, बसची वाट बघणारा माणूस रस्त्याकडे बघतो तसे.

मेहुणा थिजला नाही. “गॅलरीतून बाग दिसते,” तो सांगत होता. “सकाळी ऊन येतं. डॉक्टर खालीच बसतात.”

सासरे मान किंचित पुढे काढून बघू लागले. ओव्हन टिंग वाजला. बायको कप घेऊन आली. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड भाजलं तरी म्हणाले, “अजून गारच आहे.”

“बाबा, वाफ निघतेय त्यातून.”

“माझ्या तोंडाला गार लागतंय. अजून तापव.”

ती पुन्हा आत गेली. ओव्हन पुन्हा गुरगुरला. मेहुणा पुन्हा बोलतच राहिला. आणि सासऱ्यांचा चेहरा उतरत चाललेला मी बघितला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ओव्हनच्या मागे राउटर. राउटर तिथे दडवणारा मी. फोनवरची ती बिचारी मुलगी. वरचा डॉक्टर आपल्या घरी बसून बहुतेक दात घासत असेल. ओव्हन चालू झाला की जुन्या नावावरचा सिग्नल बसत होता आणि आज टीव्ही नव्या नावावर होता. यातलं काहीही सासऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच हेरलं होतं की चहा तापवायला दिला, की मुलगा थांबतो. का थांबतो याच्या भानगडीत ते पडले नव्हते.

मी टेबलावरच्या रिमोटकडे बघितलं. जरा वाकून हात पुढे केला असता तर पोचला असता. सासऱ्यांनीही माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना माझी दुरुस्ती हवी होती. पण बायको कप घेऊन दारात उभी होती आणि तिचा डोळा माझ्या हातावर होता.

मी हात मांडीवरच ठेवला.

“बाबा,” मेहुणा म्हणाला, “हो की नाही?”

सासऱ्यांनी कप घेतला, प्यायले नाहीत. “तुला मी कधी नाही म्हटलेलं नाही,” ते म्हणाले. “लहानपणी शाळेच्या सहलीला कोट मागितलास, रात्रभर बसून शिवला. जीभ रेटत नाही रे. म्हणून इतके रविवार चहा पीत बसलो. रात्री झोप येत नाही त्यानं.”

“म्हणजे?”

“मला नाही यायचं. तिथं सगळे म्हातारे. इथं भांडायला माणूस आहे.” त्यांनी हनुवटीनं मला दाखवलं. “जावईबापूंना चुकीचं काय आहे ते सांगितलं, की माझा दिवस जातो.”

मेहुणा थिजला. तोंड जरा उघडं, हात हवेत, नजर एका जागी.

“गेलं वाटतं,” बायको हळूच म्हणाली. “बघा हो जरा.”

मी रिमोटला हात लावला नाही. त्याच्या मागच्या खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता. नेटवर्क उत्तम होतं.

शेवटी मेहुण्यानं हात खाली घेतला आणि त्या उतरलेल्या खांद्याची शिवण चाचपली.

“ताई,” तो म्हणाला, “बाबांचा चहा गार झाला असेल. तापवून दे.”